हवलदारसाहेबांच्या गाडीचं ॲव्हरेज

त्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी मुठीएवढी एक चकती होती. ती हाताने फिरवायची. एका बाजूला ‘लॉक’, दुसऱ्या बाजूला ‘फ्री’. लॉकवर असली की चिखलात किंवा दगडांत आतला छोटा दांडा ओढायचा, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळायचा. फ्रीवर असली की जोर फक्त मागच्या चाकांना. पुढची नुसती फिरत राहायची. डांबरी रस्त्यावर चकत्या फ्रीवर ठेवाव्यात, म्हणजे डिझेल कमी लागतं, असं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. माझ्या वडिलांनी त्या चकत्या नऊ वर्षांत एकदाही फ्रीवर नेल्या नाहीत.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते सातारा बाजूचे, फौजेत ड्रायव्हर होते. शेवटची पोस्टिंग झाशीजवळच्या बबीना छावणीत होती. हवलदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा मी झाशीच्या शाळेत आठवीत होतो. माझी शाळा मोडू नये म्हणून गावी न जाता ते इथेच राहिले. बडा बाजाराच्या मागे दोन खोल्या घेतल्या आणि बिजौलीतल्या एका दगड कापायच्या कारखान्यात मालकांच्या गाडीवर नोकरी धरली. कारखान्यात त्यांना कुणी ड्रायव्हर म्हणत नसे. फाटकावरच्या माणसापासून मालकांपर्यंत सगळे ‘हवलदार साब’ म्हणत. घरी येऊन ते त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत, पण रोज सकाळी बूट पॉलिश करताना त्यांच्याकडे बघितलं की कळायचं.

फौजेने त्यांना एक गोष्ट शिकवली होती. गाडी उभी असली तरी निघालेली असली पाहिजे. म्हणून चकत्या कायम लॉकवर. म्हणून टायरांत हवा जरा कमी, कारण खाणीतला टोकदार दगड कडक टायर फाडतो. म्हणून टपावर लोखंडी कॅरियर, त्यात पाण्याचे दोन कॅन, फावडं, साखळी, वाळूत चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या आणि जादा टायर. म्हणून ब्रेक घट्ट आवळलेले, पायाचा भार पडताच धरणारे. आणि म्हणून मालक कुठल्याही कचेरीत गेले, बँकेत गेले, लग्नात गेले, तरी बाहेर इंजिन चालूच.

“साहेब येऊन बसले आणि मग मी किल्ली फिरवायची?” ते म्हणायचे. “मग टांगेवाला काय वाईट!”

आई म्हणायची, “टांगेवाला निदान घोड्याला सावलीत तरी उभं करतो. तुमची गाडी उन्हात धापा टाकत असते.”

या सवयींवर एकदा सगळं निभावलं होतं. मालकांची म्हातारी आई गुरसरायच्या अलीकडे एका खेड्यात राहायची. एका पावसाळ्यात तिला श्वास लागला. तिला घेऊन येताना वाटेतल्या नाल्याला पाणी वाढलं आणि गाडी मधोमध अडकली. चकत्या फ्रीवर असत्या तर अण्णांना कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्या फिरवाव्या लागल्या असत्या, आणि तितका वेळ नव्हता. त्यांनी बसल्या जागी दांडा ओढला आणि गाडी पलीकडे काढली. म्हातारी त्यानंतर चार वर्षं जगली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. “हवलदार साब, लड़का क्या पढ़ता है?”

“बारहवीं में है, साहब.”

“आगे पढ़ाइए. बी.एससी. कराइए. मैं हूँ.”

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझी तीन वर्षांची फी मालकांनी भरली, आणि पास झाल्यावर त्यांनीच मला कारखान्याच्या ऑफिसात घेतलं. हे मी अजूनही विसरत नाही. दर दिवाळीला आई करंज्यांचा डबा द्यायची आणि मी तो घेऊन जाऊन मालकांच्या पाया पडायचो. मनापासून पडायचो. हे सगळं त्या लॉक केलेल्या चकत्यांमुळे मिळालं होतं, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील, तेव्हा मालकांचे मेहुणे मॅनेजर म्हणून आले. त्यांना सगळे जीजाजी म्हणत. त्यांच्याकडे जवळजवळ तसलीच डिझेल गाडी होती आणि तिच्या ॲव्हरेजबद्दल ते लोकांना न विचारता सांगत. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मालकांसमोर विषय काढला.

“हमारी बारह देती है. आपकी आठ पे अटकी है. गाड़ी है कि भैंस?”

मालक हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, “बेटा, तुम साइंस पढ़े हो. देखो ज़रा, क्या हो सकता है.”

मला झालेला आनंद आज लिहायलाही नको वाटतो. शिकवलं त्याची परतफेड करायची पहिली संधी आली, असं मला वाटलं. त्या संध्याकाळी सायकलवरून घरी येताना मी मनात कामाची यादी करत होतो.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते भाजी निवडत बसलेल्या आईकडे बघून म्हणाले, “ऐकलंस का, तुझा मुलगा मला गाडी शिकवणार आहे.”

“शिका की मग,” आई म्हणाली. “त्याच्या शिक्षणाला तुम्हीच तर पाठवलंत.”

ते विरोध करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी केला नाही. माझ्या बी.एससी.बद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त आदर होता. मी पुस्तकातलं काहीही वाचून दाखवलं की ते हातातलं काम थांबवून ऐकत.

आधी होतं ते ॲव्हरेज नीट मोजायचं ठरवलं. कानपूर रस्त्यावरच्या एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरायची, बेतवा ओलांडून गुरसरायपर्यंत जाऊन यायचं आणि त्याच पंपावर, त्याच जागी उभं राहून पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं डिझेल बसलं तेवढं लागलं. डिझेलला फेस येतो आणि टाकी खोटीच भरल्यासारखी दिसते. तेव्हा अण्णा मागच्या पायरीवर उभे राहून सगळी गाडी हलवायचे, फेस बसला की आणखी थोडं घालायला लावायचे. पंपावरचा माणूस म्हणाला, “हवलदार साब, दूध भरा रहे हो का?” अण्णा म्हणाले, “लड़का साइंटिस्ट है, बूँद-बूँद का हिसाब लेगा.” त्यांच्या आवाजात थट्टा होती, पण ते माझ्याकडे बोट दाखवत होते, आणि ते मला आवडलं.

आठच आलं. आठाला थोडं कमी.

मग दोन रविवार आम्ही कारखान्याच्या अंगणात गाडी घेऊन बसलो. पहिल्यांदा टपावरचं कॅरियर उतरवलं. अण्णांनी एकेक वस्तू खाली ठेवली आणि पट्ट्या ठेवताना विचारलं, “आणि खाणीत फसली तर?”

“खाणीत जायच्या दिवशी चढवायच्या, अण्णा.”

“फसायचा दिवस आधी कळतो होय तुझ्या पुस्तकात?”

टायरांत हवा भरून घेतली. एअर फिल्टर काढला तर तो दगडाच्या भुकटीने इतका दाटला होता की उन्हाकडे धरल्यावर पलीकडलं काही दिसेना. तो नवा बसवला. गाडी थोडी चालवून चाकांना हात लावला, मागची दोन भाजत होती. अण्णांनी आवळलेले ब्रेक सुटल्यावरही चाकाला घासत होते. ते सैल केले, तेव्हा त्यांनी तीनदा पेडल दाबून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

शेवटी चकत्या राहिल्या. मी वाकून एक फिरवली. नऊ वर्षांनी ती हलेना. अण्णांनी मला बाजूला केलं, पान्याची मूठ हलकेच ठोकली आणि स्वतःच्या हाताने दोन्ही चकत्या फ्रीवर आणल्या. मग हात पुसत उभे राहिले.

“आता हिला निघायला सांगितलं तर ती विचार करेल,” ते म्हणाले.

इंजिन चालू ठेवायची सवय मोडणं सर्वांत कठीण गेलं. मालक बँकेत शिरले की अण्णांचा हात किल्लीकडे जायचा आणि थांबायचा. दोनतीन दिवस मी मुद्दाम बरोबर गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे न बघता किल्ली फिरवली. इंजिन बंद झाल्यावर गाडीत जी शांतता झाली तिच्यात ते खिडकीबाहेर बघत बसले, जणू कुणी त्यांना तसं बसलेलं पाहू नये.

पुन्हा तोच पंप, तोच रस्ता, तीच जागा. अकरा आलं. अकराला थोडं वर. मी तिथल्या तिथे दोनदा भागाकार केला. अण्णांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि पंपावरच्या माणसाला मोठ्याने म्हणाले, “ग्यारह! लिख लो कहीं.”

आता मला मालकांना लेखी द्यायचं होतं. सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मला लिहायचं होतं. संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. आधीच्या त्रुटी, कारणं, उपाय, परिणाम, असे चार भाग आखले. अण्णा जेवत होते. त्यांनी विचारलं, “त्रुटी म्हणजे?”

“म्हणजे काय चुकत होतं ते.”

“कुणाचं चुकत होतं?”

मी म्हणालो, “कुणाचं असं नाही. गाडी चालवायच्या सवयी.”

त्यांनी घास खाली ठेवला. “हे बघ, ॲव्हरेज वाढलं ते लिही. सवयींचं लिहू नकोस. चोवीस वर्षांत माझ्या सर्व्हिस बुकात एक लाल शाईची नोंद नाही. बोललेलं माणूस विसरतो. कागदावर आलं की ते राहतं. मी चुकीची गाडी चालवली असं माझ्या मुलाच्या हातचं कागदावर नको.”

फौजेतल्या माणसाला लाल शाईची भीती काय असते ते मला माहीत होतं. शिक्षा झाली की ती सर्व्हिस बुकात लाल शाईने चढते आणि पुढे प्रत्येक साहेब आधी ते पान उघडतो. मी त्रुटी आणि कारणं हे दोन्ही भाग खोडले. नव्या कागदावर एवढंच लिहिलं, की किरकोळ दुरुस्त्या व नवीन एअर फिल्टर यानंतर गाडीचं ॲव्हरेज आठवरून अकरा झालं आहे. खाली सही केली आणि सहीखाली बी.एससी. लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद मालकांसमोर ठेवला. जीजाजी शेजारी बसले होते. अण्णा गाडी लावून किल्ली द्यायला आले होते, ते दारात उभे राहिले. त्यांनाही शाबासकी ऐकायची होती, असं मला वाटतं.

मालकांनी कागद वाचला. “वाह बेटा!” म्हणाले.

जीजाजींनी तो ओढून घेतला, वाचला आणि अण्णांकडे बघून अस्सल बुंदेलीत म्हणाले, “तो पैलें जो तेल कितै जात हतो, हवलदार?” मग हे तेल आधी जात कुठे होतं?

ते पुढे म्हणाले, “मामूली मरम्मत में तीन किलोमीटर नहीं बढ़ता. लड़के ने नापना शुरू किया, तो टंकी से निकलना बंद हो गया. सीधी बात है.”

मालक अण्णांकडे बघत होते. अण्णा सावधान उभे होते, हात विजारीच्या शिवणीला लावून. मग मालक माझ्याकडे वळले. “बेटा, तुम बताओ. क्या बात थी?”

माझ्याकडे उत्तर होतं. चकत्या, टायर, कॅरियर, ब्रेक, चालू इंजिन. पाच शब्दांत सांगता आलं असतं. आदल्या संध्याकाळचा कागद माझ्या सायकलच्या पिशवीत चुरगळलेला पडला होता, तो आणून दाखवता आला असता. मी अण्णांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी स्वतःला सांगितलं, त्यांनी सवयींचं काढायचं नाही म्हटलंय.

पण ते खरं कारण नव्हतं, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. समोर ते मालक बसले होते ज्यांच्यामुळे मी त्या खोलीत खुर्चीवर बसायच्या लायकीचा झालो होतो, आणि शेजारी त्यांचे मेहुणे. त्यांना चूक ठरवून बोलायचं माझ्या तोंडाला वळणच नव्हतं. मी वर्षानुवर्षं त्या खोलीत फक्त ‘जी’ म्हणत आलो होतो.

मी म्हणालो, “जी… मरम्मत ही थी.”

जीजाजी हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, अण्णांनी त्यावर किल्ली ठेवली. “हवलदार साब, आप उमर में बड़े हैं,” मालक सावकाश म्हणाले. “मैं कुछ कहूँगा नहीं. कल से गेट देख लीजिए.”

“जी साहब,” अण्णा म्हणाले. उलटे वळले आणि गेले.

कुणी काही लिहिलं नाही. कुठेही लाल शाई लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा फाटकावर बसू लागले. बूट तसेच पॉलिश करून जायचे. पहिले काही दिवस ट्रकवाले सवयीने ‘हवलदार साब’ म्हणाले. मग एकाने दुसऱ्याला काहीतरी सांगितलं असणार. महिनाभरात ‘दादा’ झालं, पावसाळ्यापर्यंत ‘ए चौकीदार, खोल!’ ते उठायचे आणि उघडायचे. गाडी फाटकातून आत येताना ते कधी आत बघत नसत, चाकांकडे बघत. चकत्या फ्रीवर असायच्या.

आईने मला त्या वर्षी एकदाच विचारलं. “तू होतास ना तिथे?”

“होतो.”

दिवाळीला तिने करंज्या केल्या, डबा भरला नाही.

केबिनमधल्या त्या सकाळनंतर पंधरवड्याने मी मालकांकडे एकटा गेलो होतो. सगळं सांगितलं, खोडलेला कागदही दाखवला. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “उस दिन क्यों नहीं बोले?” मी त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिलो. “बाप को बचाने आए हो. अच्छे बेटे हो,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पर ये काग़ज़ तो आज भी लिखा जा सकता है, बेटा.” आणि कागद मला परत दिला. त्यांनी तो फाडला असता तर बरं झालं असतं. ते वाईट माणूस नव्हते. तीन वर्षं फी भरणारा माणूस वाईट कसा असेल? त्याच दिवाळीत त्यांनी माझा हुद्दा वाढवला आणि मी त्यांच्या पाया पडलो.

पुढच्या श्रावणात नव्या ड्रायव्हरने गाडी नाल्यात अडकवली. चकत्या फिरवायला तो पाण्यात उतरलाच नाही. मालक आणि जीजाजी चिखलातून दोन कोस चालत आले. फाटकातून आत शिरताना जीजाजींच्या एका पायात चप्पल नव्हती. अण्णांनी त्यांना बसायला स्वतःची खुर्ची पुढे केली आणि पाण्याचा तांब्या आणला. त्या ड्रायव्हरला कुणी काही बोललं नाही. पाऊसच जास्त होता, असं ठरलं.

अण्णा सात वर्षं फाटकावर होते. नंतर मी दुसरीकडे नोकरी धरली, बरी धरली. आता माझी स्वतःची डिझेल गाडी आहे, चारही चाकांना जोर देणारी. तिला चकत्या नाहीत. एक बटण फिरवलं की झालं. समोरच्या काचेखाली ॲव्हरेजचा आकडा आपोआप येतो, क्षणोक्षणी बदलतो. तो कसा वाढवायचा हे शेजारीपाजारी मला विचारतात आणि मी त्यांना नीट सांगतो: हवा बघा, फिल्टर बघा, टपावर ओझं ठेवू नका, उभे असाल तर इंजिन बंद करा. सगळं खरं आहे.

अण्णा शेजारी बसतात. गाडीबद्दल ते बोलत नाहीत. फक्त कुठेही थांबलो की म्हणतात, “बंद कर. नंतर कुणी तेलाचं विचारलं तर?”

मागच्या हिवाळ्यात रेल्वेच्या फाटकावर थांबलो होतो. मालगाडी लांब होती. ते म्हणाले, “बंद कर.” मी बंद केली. मग इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते बोललो. म्हणालो, “अण्णा, त्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी गप्प बसलो.”

ते डबे मोजत असावेत, असं वाटलं. मालगाडी संपल्यावर म्हणाले, “लिहू नकोस म्हणालो होतो. बोलू नकोस असं कधी म्हणालो?”

फाटक उघडलं. मागच्या ट्रकने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने दिला. माझा हात किल्लीवर होता आणि अण्णा समोर रस्त्याकडे बघत होते.

“चल,” ते म्हणाले. “लोक थांबलेत.”